दुहेरी टीप

आमच्या घरात दोन सुना, दोघीही एकाच हॉस्पिटलात नर्स, आणि दोघींच्या मध्ये एक झुलतं दार. थोरली जाऊ दाराच्या पलीकडे, ऑपरेशन थिएटरात, सर्जनच्या शेजारी उभी राहून हत्यारं देते. मी अलीकडे, रिकव्हरीत. पेशंट तिच्याकडून बेशुद्ध निघतो आणि माझ्याकडे शुद्धीवर येतो. सासूबाईंच्या लेखी मात्र थोरली ऑपरेशनं करते आणि मी झोपलेल्या माणसांजवळ बसून असते. "हिचं बरं आहे, हिचे पेशंट उलटून बोलत नाहीत," असं त्या आल्यागेल्याला सांगतात आणि मी चहाचे कप उचलत ऐकून घेते. कधी कधी ऐकून घेत नाही. मग घरात दोन दिवस भांडी जरा जोरात वाजतात.

थिएटरातून आलेला माणूस झोपलेला दिसतो, पण ती काही झोप नसते. त्याची जीभ मागे पडते, घोरल्यासारखा आवाज येतो आणि नातेवाईक दारातून डोकावून म्हणतात, छान झोप लागलीय. तोवर मी त्याची हनुवटी उचलून धरलेली असते. कोणी चुळबूळ करतो. ती दुखण्याची आहे, लघवी तुंबल्याची आहे की श्वास पुरत नसल्याची, हे मशीन बोंबलायच्या आधी ओळखायचं असतं. मशीन सगळ्यात शेवटी सांगतं. आधी सांगतो कपाळावरचा घाम, मग नखांचा रंग. मघाशी नीट बोलणारा माणूस एकदम तिरसटासारखा बोलायला लागला, तर मी त्याला रागावत नाही, धावते.

थोरलीचं आणि माझं फारसं पटत नाही, तरी तिच्या कामाबद्दल मी खोटं बोलणार नाही. तिच्यासारखी हत्यारं देणारी मी पाहिलेली नाही. नवशिक्या मुली सर्जनच्या तोंडाकडे बघतात, मुरलेल्या त्याच्या हाताकडे बघतात, ही जखमेकडे बघते. पुढे काय लागणार ते तिला तिथेच दिसतं. "मागितलेलं कोणीही देईल. लागणारं द्यायचं असतं," हे तिचं नव्या मुलींना सांगायचं ठरलेलं वाक्य. सर नुसता हात पुढे करतात आणि हत्यार त्यांच्या तळव्यात बरोबर बसलेलं असतं.

सर म्हणजे आमचे मोठे सर्जन. माणूस खरोखर चांगला. नातेवाइकांशी खाली बसून बोलणारा, झाडूवाल्याला अहोजाहो करणारा. लोक दुसऱ्या डॉक्टरची तारीख सोडून त्यांच्यासाठी थांबतात. थोरलीच्या वडिलांचं फुटलेलं आतडं त्यांनीच शिवलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं: सर होते म्हणून वाचले. घरात कोणाचं काहीही दुखलं की आम्ही सगळे ते ऐकतो.

गेल्या काही महिन्यांत मला एक गोष्ट खटकायला लागली. थोरली रजेवर असली की माझ्याकडे सरांच्या पेशंटच्या पट्ट्या ओल्या येतात. कोणाची जखमेतलं रक्त जमा होणारी ड्रेनची बाटली पटकन भरते, कोणाला परत आत न्यावं लागतं. थोरली कामावर असली की पट्ट्या कोरड्या. आधी वाटलं, योगायोग. मग एक दिवस आत माणसं कमी पडली म्हणून मला वरकामाला, कपाटातून सामान काढून द्यायला, थिएटरात उभं केलं आणि मी डोळ्यांनी पाहिलं.

सरांनी एका रक्तवाहिनीला गाठ मारली. मारताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती. गाठ बसली, पण सैल. त्यानंतर जास्तीचा धागा कापायला कात्री द्यायची असते. सर म्हणाले, "कात्री." थोरलीने कात्री दिली नाही. तिने दुसरा धागा दिला. सरांनी हातातल्या धाग्याकडे क्षणभर बघितलं आणि त्याच जागी पुन्हा गाठ मारली. ती मारताना थोरलीची बोटं त्यांच्या मनगटाखाली होती, हत्यार परत घ्यायला थांबल्यासारखी. मनगट त्या बोटांवर टेकलं, थरथर थांबली, गाठ घट्ट बसली. मग तिने कात्री दिली. समोरच्या असिस्टंट डॉक्टरला काही कळलं नसेल. सरांनाही वाटलं असेल की धागा आपणच मागितला.

दुपारी मी तिला हत्यारं पॅक करतात त्या खोलीत गाठलं. ती एकेक चिमटा उघडून, मिटून, उजेडाकडे धरून बघत होती.

"ताई, सरांचा हात," मी म्हणाले.

"काय झालं सरांच्या हाताला?"

"मी होते आज आत."

तिने चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि दुसरा घेतला. "वय झालं की थोडं होतंच. मी आहे ना तिथे."

"आणि तुम्ही नसता तेव्हा?"

"हल्ली मी रजा घेत नाही."

ते खरं होतं. मध्यंतरी अंगात ताप असताना ती ड्यूटीवर आली होती आणि सासूबाईंनी तिचं कौतुक मलाच ऐकवलं होतं. "हे बघ," ती म्हणाली, "माझे वडील त्या हातांनी वाचले. आता मी त्या हातांना बोटभर आधार दिला तर कोणाचं काय गेलं? एकदा ही गोष्ट बाहेर गेली की माणूस संपतो. तू तुझं दार सांभाळ."

मी माझं दार सांभाळत राहिले असते, पण सासूबाईंच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची, साधीच, पण गिळताना अडकायला लागली. काढायची ठरली आणि कोणाकडून काढायची हा प्रश्नच आला नाही. सासूबाईंनी तर तारीखही थोरलीकडूनच घेतली.

त्या संध्याकाळी मोठे दीर, माझा नवरा, सासूबाई, सगळे बसलेले असताना मी म्हणाले, "सरांकडे नको. त्यांचे हात थरथरतात."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सर आहेत म्हणून तर मी निर्धास्त आहे."

"ऐकलंस?" मोठे दीर मला म्हणाले. "जी रोज शेजारी उभी राहते तिला काही दिसत नाही आणि हिला दाराबाहेरून दिसतं."

"पोटात दुखतं तिच्या, दुसरं काय," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कोणाचा तरी हात धरून हलवला होता. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बाकीच्यांकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या चालत कामाला निघालो. पूल ओलांडेपर्यंत मी गप्प राहिले, म्हणजे माझ्या मानाने फारच. मग म्हणाले, "निदान तुम्ही तरी आत उभ्या राहा. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला उभं राहायचं नाही हा नियम मलाही माहीत आहे. पण इनचार्ज सिस्टरना सांगून बघा."

"कालच सांगितलंय," थोरली म्हणाली. "हो म्हणाल्यात त्या."

मी रस्त्यातच थांबले. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंत, आणि त्याच दिवशी तुम्ही स्वतःची सोय लावून आला होतात."

"स्वतःची नाही. आईंची."

"आणि बाकीच्यांच्या आया?"

"चल, उशीर होतोय," ती म्हणाली.

मी चालायला लागले. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मी मोठ्या तोंडाने विचारलं होतं, बाकीच्यांच्या आया, पण सासूबाईंच्या वेळी थोरली आत असणार हे कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मग मी ना इनचार्जकडे गेले, ना भूल देणाऱ्या मॅडमकडे, ना वर कोणाकडे. आपलं माणूस सुखरूप होणार होतं आणि मला तेवढं पुरलं.

ऑपरेशनच्या सकाळी सासूबाई हिरवा गाऊन घालून आत जायच्या आधीच्या खोलीत बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईशी त्यांची दोस्तीही झाली होती. ती पोस्टात खिडकीवर बसणारी, तिचीही गळ्याचीच गाठ, सासूबाईंनंतर तिचा नंबर. सोबत नवरा, किरकोळ अंगाचा, पेशाने शिंपी. घाईत निघाला असावा, कारण माप घ्यायची टेप अजून गळ्यातच होती. सासूबाई त्या बाईचा हात धरून सांगत होत्या, "घाबरू नकोस गं. डॉक्टर देवमाणूस आहेत. आणि माझी थोरली सून असते आत. ही धाकटी, बाहेर असते." शिंप्याने मला नमस्कार केला. बाईने विचारलं, "दुखेल का हो फार?" मी म्हटलं, दुखलं तर मला सांगा, त्यासाठीच मी आहे.

सासूबाई आत गेल्या आणि व्यवस्थित बाहेर आल्या. पट्टी कोरडी, श्वास मोकळा, नखं गुलाबी. मी त्यांना नावाने हाक मारली. घरात जे नाव उच्चारायची माझी टाप नाही, ते रिकव्हरीत मोठ्याने घ्यायचं असतं. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि पहिला शब्द काढला तो थोरलीच्या नावाचा. "ती कुठाय? तिला बोलव."

"आत आहे, आई. दुसरं ऑपरेशन लागतंय."

"तिला बोलव," त्या पुन्हा म्हणाल्या आणि रडायला लागल्या. भूल उतरताना माणसं रडतात, त्यात विशेष काही नसतं. पण मोठे दीर दारात उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं.

"आई तिला विचारतेय आणि ती दुसऱ्यांची कामं करत बसलीय? बोलव तिला. तुमच्याकडे एवढ्या नर्सा आहेत, कोणीही उभं राहील."

मी त्यांना सांगू शकले असते की कोणीही उभं राहून चालत नाही. पण हेच मी घरी सांगितलं होतं तेव्हा माझं काय झालं ते मला आठवत होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता. सकाळपासून मी सासूबाईंची हनुवटी धरून उभी आणि यांना हवी थोरली. घ्या तर मग थोरली. मी इंटरकॉम उचलला.

"आई तुम्हाला विचारतायत," मी म्हणाले.

"इथे आता सुरू होतंय," थोरली म्हणाली.

"भाऊजी दारात उभे आहेत."

मग मागून इनचार्ज सिस्टर ऐकू आल्या, "अगं जा तू. सकाळपासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही. हिला उभी करते मी." थोरली टोपी, मास्क न काढताच आली आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन बसली. सासूबाईंचं रडं थांबलं. मोठे दीर समाधानाने चहा प्यायला गेले.

आत तिच्या जागी जी मुलगी उभी राहिली ती चांगलीच होती. सरांनी जे मागितलं ते तिने दिलं, वेळेवर दिलं. कात्री मागितली तेव्हा कात्री दिली. तिचं काहीही चुकलं नाही.

पोस्टातली बाई बाहेर आली तेव्हाही सगळं ठीक होतं. मी नाव विचारलं, तिने स्वच्छ सांगितलं. पट्टी कोरडी होती. मी तिला थोडं बसतं केलं, ऑक्सिजन लावला. शिंप्याला दारातून बघू दिलं. मग मी सासूबाईंचं सलाइन बदलायला वळले आणि मागून तिचा आवाज आला, "ही उशी काढा. काय हा ताप. काढा म्हणते ना." मघाशी दुखेल का म्हणून हळूच विचारणारी बाई ती. आवाजही जाड झाला होता, जणू दुसरीच कोणी बोलतेय.

मी वळून बघितलं. पट्टी अजूनही कोरडीच, पण पट्टीच्या कडेची कातडी ताणलेली. हात लावला तर गळा कडक लागला. रक्त बाहेर येत नव्हतं, आत साठत होतं आणि श्वासनळी दाबत होतं. बाई दोन्ही हातांनी गाऊनची गळपट्टी ओढत होती. मी भूल देणाऱ्या मॅडमना हाक मारली. त्या टेबलावरून उठून धावत आल्या, गळ्याकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता हात पुढे केला. गळ्याच्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी आम्ही टाके कापायचं पाकीट चिकटवून ठेवतो. मी ते फाडून कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथे पलंगावरच वरचे टाके कापले, मग आतले. काळं, गोठलेलं रक्त बाहेर आलं आणि बाईने श्वास घेतला.

आम्ही पलंग दाराकडे वळवला तेव्हा थोरली दार उघडून उभी होती, मास्क चढवलेला. कोणी तिला बोलावलं नव्हतं. मागून सासूबाई म्हणाल्या, "कुठे निघालीस?" तिने वळूनही बघितलं नाही. सासूबाईंना तिने उत्तर दिलं नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्यांदा ती बाई बाहेर आली तेव्हा नळी घशात होती, ती नंतर काढली. जगली. आवाज घोगरा राहील काही दिवस, कदाचित बरेच दिवस. सर बाहेर आले, शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आतली एक रक्तवाहिनी सुटली होती. होतं असं कधी कधी. आता काळजी नाही." दुसरा हात त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला होता. ते गेले तेव्हा मला ते फार थकलेले दिसले, आणि तरीही मला त्यांची दया आली नाही.

शिंप्याला मी आत घेतलं. त्याने बायकोचा हात धरला, तिच्या गळ्यावरच्या नव्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं. मग आमच्याकडे आला. आम्ही दोघी सासूबाईंच्या पलंगापाशी होतो.

"एक विचारू का सिस्टर? राग मानू नका. उसवावं का लागलं?"

"होतं असं कधी कधी," थोरली म्हणाली. "सर होते म्हणून..."

"आमच्याकडे शिवण आपोआप उसवत नाही," तो म्हणाला. तो भांडत नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. सर होते म्हणून. त्या बाईच्या गळ्याला अजून रक्त लागलेलं होतं आणि हिचं तेच वाक्य. मी म्हणाले, "आतली एक गाठ सैल बसली होती. धागा निसटला."

"कोणी मारली होती गाठ?"

"सरांनी. त्यांचे हात थरथरतात."

बोलून टाकलं आणि मला हलकं वाटलं. इतके दिवस कोणी ऐकत नव्हतं, आता एकाने तरी ऐकलं. थोरलीचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याचंही मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागला. मग त्याने सासूबाईंकडे बघितलं. त्या गाढ झोपल्या होत्या, गळ्यावर पांढरी स्वच्छ पट्टी.

"यांचंही सरांनीच केलं ना? आजच?"

"हो," मी म्हणाले.

"हीच गाठ, हाच धागा?"

"हो."

"मग यांची कशी नाही सुटली?"

माझ्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर तयार असतं. सासूबाईंना, दिरांना, नवऱ्याला. त्या माणसासमोर मी सलाइनचे थेंब मोजायला लागले.

"तेव्हा मी आत होते," थोरली म्हणाली.

तिने मास्क गळ्यात ओढला होता आणि ती सरळ त्याच्याकडे बघून बोलत होती. "गाठ सैल वाटली की मी दुसरा धागा पुढे करते. सर पुन्हा गाठ मारतात. बरेच महिने असंच चाललंय. मी कोणाला सांगितलं नाही. हिने घरी सांगितलं, तर मी हिला खोटं पाडलं. तुमच्या बायकोच्या वेळी मी इथे बसले होते, यांच्यापाशी."

"मीच बोलावलं त्यांना," मी म्हणाले.

मला वाटलं आता हा ओरडेल. मी वाटच बघत होते, ओरडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. तो ओरडला नाही. टेप गुंडाळून झाली होती, ती त्याने खिशात ठेवली.

"समजलं," तो म्हणाला. "घरच्यांचे कपडे शिवताना दुहेरी टीप मारायची. आम्हीही मारतो."

मग तो बायकोच्या पलंगापाशी गेला. तिथलं स्टूल त्याने उचललं, आमच्याकडे पाठ येईल असं ठेवलं आणि त्यावर बसून तिच्या श्वासाकडे स्वतःच लक्ष ठेवायला लागला.